एकमताने

रविवारी दुपारी सिव्हिल लाइन्समधल्या हॉलवर नवलोक पक्षाचे सभासद मत द्यायला जमू लागले, तेव्हा शरच्चंद्र सुभेदार दाराशी उभे राहून एकेकाला नमस्कार करत होते. वकिलीत त्यांचा जन्म गेला होता, जबलपूरच्या हायकोर्टात त्यांच्या शब्दाला वजन होतं. पण इतके प्रसन्न ते कोर्टात क्वचितच दिसत. शहराध्यक्ष वरून नेमायचा नाही, शहरातल्या सभासदांनी गुप्त मतदानानं निवडायचा, हे कलम पक्षाच्या घटनेत त्यांच्याच हट्टामुळे आलं होतं. त्यासाठी ते भोपाळच्या नेत्यांशी भांडले होते. आज त्या कलमाप्रमाणे दुसऱ्यांदा निवडणूक होत होती आणि निवडणूक अधिकारी तेच होते.

निकाल काय लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बेबीताई बोरकुटे मागच्या वेळी निवडून आल्या होत्या, याही वेळी येणार होत्या. गोहलपुरात त्यांचा सलवार-सूट शिवायचा लहानसा कारखाना होता. मूळच्या वर्ध्याकडच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. नवरा गेल्यावर कारखाना त्यांनीच सांभाळला, आणि तो सांभाळता सांभाळता मोहल्लाही. तोंडानं फटकळ. रागावल्या की मराठी सुरू करून हिंदीत संपवत. पण नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, कचेरीत जाऊन बसल्या की काम झाल्याशिवाय उठत नसत. त्यांच्याविरुद्ध रांझी भागातले एक केमिस्ट उभे होते. ते स्वतःच हसून सांगत होते, “मैं तो इसलिए खड़ा हूँ कि चुनाव, चुनाव जैसा लगे.”

गोहलपुरातून ई-रिक्षा भरभरून बायका आल्या होत्या. त्यांच्यात बेबीताईंच्या कारखान्यात कटिंगचं काम करणारी माधवी होती. तिच्या भागातले बहुतेक सभासद तिनं घरोघरी फिरून केलेले. सुभेदारांना पाहून ती म्हणाली, “काका, आज सगळ्यांना समजावून आणलंय. मत कसं टाकायचं ते घरीच प्रॅक्टिस करून घेतलं.” सुभेदार मोठ्यानं हसले.

तेवढ्यात भोपाळहून निरीक्षक म्हणून आलेला अपूर्व त्यांच्याजवळ आला. तिशीतला, स्वच्छ पांढरा कुर्ता, बोलणं अतिशय अदबीचं. “सर, दो मिनट,” म्हणत त्यानं त्यांना बाजूच्या खोलीत नेलं. तिथे पाण्याचे जार आणि जादा खुर्च्या रचलेल्या होत्या. अपूर्वनं दार लोटून घेतलं.

“सर, ऊपर से फोन आया है. शहर अध्यक्ष अंकुरजी होंगे. सर्वसम्मति से.”

अंकुर म्हणजे लग्नांसाठी भाड्यानं जाणारी दोन मॅरेज गार्डन आणि एका कोचिंग क्लासचा मालक. याच पावसाळ्यात दुसऱ्या पक्षातून गाड्यांचा ताफा घेऊन इकडे आला होता. आज तो हॉलमध्ये नव्हताही.

“मतदान आहे,” सुभेदार म्हणाले. “लोक बाहेर बसलेत, अपूर्वजी.” घाईत ते मराठीतच बोलले, मग हिंदीत पुन्हा म्हणाले.

“सर, मतदान तब होता है जब सहमति न हो.”

“सहमति किसकी? उम्मीदवार तक नहीं है वो आदमी.”

अपूर्व चिडला नाही. सुभेदारांना वाटलं, हा चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे समजावत राहिला. निगमची निवडणूक तोंडावर आली आहे. निर्णय झालेला आहे, आता फक्त तो कसा जाहीर होतो एवढंच उरलंय. “मैं पढ़ूँगा तो हंगामा होगा, कोई वीडियो बना लेगा, पार्टी की ही बदनामी होगी. आप पढ़ेंगे तो कोई कुछ नहीं बोलेगा. सब आपकी इज्जत करते हैं.” मग दाराकडे जाता जाता, सहज आठवल्यासारखं, पक्षाच्या प्रांतिक कायदा विभागाचं काढलं, “और सर, प्रदेश के विधि प्रकोष्ठ के लिए आपका ही नाम चल रहा है.”

सुभेदार हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांना लावला आणि अपूर्वनं पुढे केलेला कागद हातात घेतला.

व्यासपीठावर माइकसमोर उभं राहिल्यावर त्यांचा आवाज कापला नाही. इतक्या वर्षांची सवय. ठराव चार ओळींचा होता. येत्या निवडणुकीचं आव्हान पाहता पक्षाची एकजूट आवश्यक असल्यानं शहरातले सर्व सभासद अंकुरजींची शहराध्यक्षपदी एकमतानं निवड करत आहेत. हॉलमध्ये आधी कोणाला काही कळलंच नाही. कोणीतरी विचारलं, “किसका नाम लिया?” पहिल्या रांगेत बेबीताई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर पर्स होती आणि दोन्ही हात पर्सवर होते. त्यांनी मान वर करून सुभेदारांकडे पाहिलं. त्या पाहण्यात अजून राग नव्हता. आपल्या ऐकण्यात काही चूक झाली असेल, आता हे सांगतील, असं वाट बघणं होतं.

“जो पक्ष में हैं, हाथ उठाएँ,” सुभेदार म्हणाले.

मागून अपूर्वबरोबर आलेल्यांनी हात वर केले. मग सुभेदारांच्याच दीक्षितपुऱ्यातले दोघे, मग केमिस्ट, मग इकडेतिकडे बघत बाकीचे. गोहलपुरच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. काहींनी शेजारणीचा हात वर गेला म्हणून आपलाही केला. माधवी हाताची घडी घालून बसली होती. सुभेदारांची नजर तिच्यावर गेली आणि क्षणभर तिथेच थांबली. मग ती त्यांनी उचलली, कागदावर आणली आणि शेवटचं वाक्य वाचलं, “प्रस्ताव सर्वसम्मति से पारित.”

टाळ्या वाजल्या. कोणी विरोधात आहे का, हे त्यांनी विचारलंच नाही.

हॉलच्या अंगणात चहा ठेवला होता, पण तिथे भांडण पेटलं. “मग आमाले बोलावलं काहून?” एक बाई ओरडत होती. “रविवारच्या मशिनी बंद ठेवून आलो आम्ही!” कोणी अपूर्वला घेरलं होतं, कोणी केमिस्टला जाब विचारत होतं की तू तर उमेदवार होतास, तू हात कसा वर केलास. केमिस्ट म्हणत होते, “भैया, वकीलसाहब ने पढ़ा, तो मैंने सोचा कुछ तय हुआ होगा.”  बेबीताईंनी एक ऑटो थांबवली आणि एकट्याच निघून गेल्या.

हे सगळं सुभेदारांना खिडकीतून ऐकू येत होतं. ते बाथरूममध्ये होते. हात धुऊन झाले होते, तरी त्यांनी नळ चालू ठेवला होता, म्हणजे आत कोणी आहे हे बाहेरच्याला कळावं आणि दार वाजवू नये. अंगण रिकामं होईपर्यंत ते तसेच उभे राहिले.

दीक्षितपुऱ्यात घरी पोचले तर बायको हेमलता मोबाइल घेऊन बसलेली. मराठी मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आधीच आला होता. ती गाण्याच्या शिकवण्या घेई, तिचा कान त्याच बाजूचा. निर्मळपणे ती म्हणाली, “तुमचा आवाज काय छान लागलाय हो. पण हे अंकुर कोण? बेबीताईंचं काय झालं?”

व्हिडिओ पुन्हा सुरू झाला. ‘सर्वसम्मति से पारित.’ सुभेदार म्हणाले, “बंद कर ते.” ते इतक्या जोरात म्हणाले की हेमलतानं दचकून मोबाइल पालथा ठेवला.  जेवताना तिनं त्यांना आवडतं म्हणून वांग्याचं भरीत पुन्हा वाढलं, आणि तिला सगळं कळलंय हे त्यांना त्यावरून कळलं.

सोमवारी बार रूममध्ये दोघातिघांनी त्यांचं अभिनंदन केलं. “मान गए, बिना शोरशराबे के निपटा दिया आपने,” एक जण म्हणाला. त्याला खरंच कौतुक वाटत होतं. सुभेदार हसले आणि मग त्या हसण्याचीच त्यांना किळस आली. माधवीचे फोन येत होते, ते घेत नव्हते. कोर्टात असल्याचा निरोप धाडत होते, रात्रीच्या जेवणाच्या वेळीसुद्धा.

शेवटी ती घरीच आली, बरोबर गोहलपुरच्या आणखी दोघी. हेमलतानं त्यांना बसवलं, चहा टाकला. माधवीनं सांगितलं की लोक फार भडकलेत. निम्मे म्हणतात पक्ष सोडू, निम्मे म्हणतात भोपाळला तक्रार करू. तक्रार करायची तर निवडणूक अधिकाऱ्यानं सांगायला हवं की मतदान झालंच नाही.

सुभेदारांनी घसा साफ केला. “असं आहे माधवी, याला एक प्रोसीजर असते. अपील कोणाकडे करायचं ते आधी पाहावं लागेल. ठराव मंजूर झालेला आहे, तो रद्द करायचा तर...”

“काका, मले कायदा नाही समजत. एकच सांगा.” ती रागानं बोलत नव्हती. “माझा हात वर होता का?”

सुभेदार खिडकीकडे बघू लागले.

“तुम्ही माझ्याकडे पाह्यलं होतं. मी पाहून राहिले होते तुमच्याकडे. मग एकमत कसं झालं?”

हेमलता चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. ती ट्रे ठेवायला पुढे आली नाही आणि आतही गेली नाही. सुभेदारांनी आयुष्यात कितीतरी साक्षीदारांना असे साधे प्रश्न विचारून गप्प केलं होतं. आता उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, “मी पाहतो काय करता येतं ते.”

बायका उठल्या. त्यातली एक चप्पल घालता घालता दुसरीला हळूच म्हणाली, “चल, यांच्याकडून काही नाही होत.” तिला वाटलं होतं आत ऐकू जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्ट सुटल्यावर सुभेदार स्कूटर काढून गोहलपुरला गेले. गल्ली अरुंद, दोन्हीकडे कारखाने, कपड्यांचे गठ्ठे लादलेल्या हातगाड्या. बेबीताईंच्या कारखान्यात मशिनी चालू होत्या. त्यांना पाहून एकेक मशीन थांबत गेली. बेबीताई काउंटरमागे तयार सूट मोजून बांधत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “चालू ठेवा गं. साहेब काही मशिनी पाहायला नाही आले.”

बायकांनी पुन्हा पाय चालवायला सुरुवात केली.

“बेबीताई, माफी मागायला आलो.”

“माफीचं काय करू मी? सूट शिवू तिचा?”

“माझी चूक झाली. मला आयत्या वेळी सांगितलं...”

“मलेबी आयत्या वेळीच समजलं. सगळ्यांसमोर.” त्यांनी गठ्ठ्याची दोरी ओढून गाठ मारली. “साहेब, खुर्चीचं मले इतकं नाही. खुर्चीनं काय दिलं? दिवसभर लोकांचे फोन. पण या बायकांना मी काय सांगून नेलं होतं, माहीत आहे? की बाकी पार्ट्यांत मोठे लोक ठरवतात, आपल्यात तुमचं मत मोजतात. हे मले कोणी शिकवलं? तुम्ही. या इथं बसून. आणि त्याच तोंडानं तुम्ही...” त्यांचा आवाज चढला आणि तुटला. त्यांनी पाण्याची बाटली उघडून दोन घोट घेतले. “आतल्या खोलीतून मले एक फोन केला असता ना, की बेबीताई, असं असं आहे, तर मीच उठून नाव मागे घेतलं असतं. इज्जत तर राहिली असती. तुमचीबी अन माझीबी.”

हे सुभेदारांना सुचलंसुद्धा नव्हतं. त्या खोलीत उभे असताना त्यांना बेबीताईंचा विचारच आला नव्हता. आपल्याला आता किती अवघड होणार आहे, एवढाच आला होता. हे त्यांच्या त्या क्षणी लक्षात आलं.

“मी सांगेन,” ते म्हणाले. “रविवारी अंकुरचा सत्कार आहे, मला बोलायला बोलावलंय. तिथे सगळ्यांसमोर सांगेन की मतदान झालं नाही.”

बेबीताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. काही म्हणणार असं वाटलं. पण तेवढ्यात कटनीचा व्यापारी माल न्यायला आला आणि त्या त्याच्याशी भावाची घासाघीस करू लागल्या. सुभेदार थोडा वेळ थांबून निघाले. मौन म्हणजे होकार असं त्यांनी मानलं.

सत्कार अंकुरच्याच मॅरेज गार्डनमध्ये होता. सकाळची वेळ, गेटवर झेंडूच्या माळा, बँडवाले. सुभेदार ठरवून आले होते. काय बोलायचं ते त्यांनी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं आणि त्याचीही लाज वाटून अर्ध्यावर सोडलं होतं. व्यासपीठावर चढले तर अंकुरच्या उजव्या हाताला बेबीताई बसलेल्या. नवी साडी, गळ्यात हार.

अपूर्वनं माइकवरून जाहीर केलं की बेबीताईंनी मोठ्या मनानं शहर उपाध्यक्षपद स्वीकारलं आहे. मग त्या स्वतः बोलायला उठल्या. फार बोलल्या नाहीत. गोहलपुरच्या दोन वॉर्डांतली तिकिटं आता गोहलपुरचेच लोक ठरवतील, असा शब्द अंकुरजींनी सगळ्यांसमोर द्यावा, असं त्यांनी म्हटलं. अंकुरनं हसत उठून हात वर करून शब्द दिला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग बेबीताई सुभेदारांकडे वळून म्हणाल्या, “वकीलसाहब ने भरी सभा में कहा, सब एकमत हैं. तो मैं भी मान गई. घर का झगड़ा घर में निपट गया.”

त्या खाली बसल्या आणि सुभेदारांचं नाव पुकारलं गेलं.

माइकपर्यंत जाताना त्यांच्या मनात आलं की आता गप्प बसायला चांगलं कारण मिळालंय. जिच्यावर अन्याय झाला तीच समेट करून बसली आहे. पण मागे हटलो तर हे पुन्हा तेच, असंही वाटलं. समोर मधल्या रांगेत माधवी होती. ते बोलायला लागले.

“उस दिन मतदान नहीं हुआ था,” ते म्हणाले. “एकमत भी नहीं था. हॉल में ऐसे लोग थे जिन्होंने हाथ नहीं उठाया, मैंने देखा था. फिर भी मैंने पढ़ दिया. वो प्रस्ताव झूठा है. मैं निर्वाचन अधिकारी था और मैंने झूठ पढ़ा.”

 मग मागून कोणीतरी ओरडलं, “तो आज याद आया?” दुसरा ओरडला, “बोलने दो उनको!” दोन्हीकडून आवाज वाढले, खुर्च्या सरकल्या. अपूर्वनं खाली उभ्या बँडवाल्यांना खूण केली आणि बँड सुरू झाला. अंकुर उठून आला, त्यानं सुभेदारांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं त्यांना माइकपासून बाजूला नेलं. “तबीयत ठीक नहीं है इनकी,” तो कोणाला तरी म्हणाला.

सुभेदारांनी बेबीताईंकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं, निदान तिथे काही सापडेल. बेबीताईंचा चेहरा काळवंडला होता. समोर गोहलपुरच्या बायकांत गडबड उडाली होती. “मग ताई काहून तिकडे बसल्या?” असं एक जण दुसरीला विचारत होती, आणि ते व्यासपीठावर ऐकू येत होतं.

गेटपाशी बेबीताईंनी त्यांना गाठलं. हार काढून हातात धरला होता.

“झालं समाधान?”

“बेबीताई, मी तुम्हाला सांगितलं होतं, मी बोलणार आहे.”

“सांगितलं होतं. विचारलं होतं का?” त्यांचा श्वास वर आला होता. “तुम्ही वाचून टाकलं, तर माझ्या हातात काय राहिलं होतं? मी ते दोन वॉर्ड कसेतरी सोडवून आणले. उद्या या पोरी निवडणुकीला उभ्या राहतील म्हणून गेले त्या माणसाच्या घरी, स्वतःच्या पायानं. काय वाटलं असेल मले? आणि तुम्ही आज सगळ्यांसमोर मले खोट्याच्या पंगतीत बसवून दिलं. तेव्हा तुम्ही गप बसले ते स्वतःसाठी, आज बोलले तेबी स्वतःसाठी. दोन्ही वेळा तुम्ही स्वतःचंच पाह्यलं साहेब. माझं कधी पाह्यलं?”

 त्या आत परत गेल्या, जाताना त्यांनी हार पुन्हा गळ्यात घातला.

संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला की पक्षशिस्त मोडल्यामुळे शरच्चंद्र सुभेदार यांचं प्राथमिक सदस्यत्व रद्द करण्यात आलं आहे. खुलासा मागितला नव्हता. घटनेत खुलासा मागायचं कलमही होतं, तेही त्यांनीच लिहिलेलं. हेमलतानं संदेश वाचला आणि म्हणाली, “निदान खरं तर बोललात.” त्यांनी तिला बेबीताईंचं बोलणं शब्द न शब्द सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “हो. तेही खरंच आहे.”

पुढच्या आठवड्यात माधवी पुन्हा आली. तिच्याबरोबर या वेळी फक्त एकच बाई होती, बाकीच्या बेबीताईंबरोबर राहिल्या होत्या. तक्रार द्यायला त्या भोपाळला जाणार होत्या. “तुम्ही येता का?” तिनं विचारलं. “येऊन तोंडानं सांगा.”

“बेबीताईंना चालेल?”

“ताईंना विचारलं मी. म्हणाल्या, तुम्हाला जायचं तर जा, माझं नाव नका घेऊ तिथं.”

या वेळी विचारून झालं होतं, म्हणून सुभेदार गेले. जनशताब्दीनं तिघं भोपाळला पोचले. प्रांतिक कार्यालयात दुपार टळेपर्यंत त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. मग एका पदाधिकाऱ्यानं उभ्या उभ्या ऐकून घेतलं. तो सुभेदारांना ओळखत होता, पण ओळख दाखवली नाही. म्हणाला, “आप तो अब सदस्य भी नहीं हैं.” माधवीला म्हणाला, “दीदी, ऊपर बात पहुँचा देंगे.” वर म्हणजे कुठे, असं माधवीनं विचारलं. तेव्हा तो हसून फोन घ्यायला निघून गेला.

परतीच्या गाडीत दुसरी बाई खिडकीला डोकं टेकून झोपली. इटारसी मागे पडलं.  मग सुभेदार म्हणाले, “माधवी, तू घरी येऊन जे विचारलं होतंस, त्याचं उत्तर मी तुला दिलंच नाही. तुझा हात खाली होता. मला स्पष्ट दिसला होता.”

“ते तर तुम्ही माइकवर बोलले.”

“तुला वेगळं सांगायला हवं होतं.”

माधवी डबा उघडत होती. तिनं पोळीची गुंडाळी करून त्यांच्या हातात दिली, एक स्वतः घेतली. “काका, खरं सांगू? मले पण झोप नाही आली त्या रात्री. हात नाही उचलला म्हणून मी खूप मिरवलं मोहल्ल्यात. पण उठून ‘थांबा’ म्हणायला काय झालं होतं? माझ्याजवळ तर गमवायला पद पण नव्हतं. मी बसूनच राहिले. मले वाटलं, ताई उठतील. ताईंना वाटलं असेल, आपल्या बायका उठतील.”

“आणि मला वाटत होतं, कोणीतरी उठावं आणि मला थांबवावं,” सुभेदार म्हणाले. हे त्यांना बोलताना प्रथमच कळलं.

 माधवीनं डब्यातलं लोणचं त्यांच्यापुढे सरकवलं.

हिवाळ्यात निगमची निवडणूक झाली. अंकुर शहराध्यक्ष राहिला. त्यानं शब्द पाळला तो अर्धाच. दोन वॉर्डांपैकी एक गोहलपुरच्या बाईला मिळाला, दुसऱ्यात त्याचा मेहुणा उभा राहिला. माधवीनं पक्ष सोडला, बेबीताईंचा कारखाना मात्र नाही सोडला. दोघी एकाच टेबलाशी कापड कापत आणि राजकारणाचा विषय काढत नसत.

मार्चमध्ये गल्लीतल्या कारखान्यांना अतिक्रमणाच्या नोटिसा आल्या, तेव्हा बेबीताईंचा सुभेदारांना फोन आला. नमस्कार न करता त्या म्हणाल्या, “साहेब, हायकोर्टात स्टे मिळते का याच्यात?”

“मिळू शकतो. कागद घेऊन या.”

“फी सांगा आधी. फुकट नाही पाहिजे मले.”

त्यांनी फी सांगितली, इतर अशिलांना सांगत तेवढीच. कमी सांगायचा मोह झाला होता, तो त्यांनी आवरला. बेबीताई थोडं थांबून “चलो, ठीक आहे, उद्या येते” म्हणाल्या आणि फोन ठेवला.